तळाची ओळ

“चौथ्यांदा वाजवतेय हे. आता जर कुणी दाराची बेल वाजवली ना, तर ही बासरी त्याच्या डोक्यात घालीन.”

कानवालीने हेडफोन कानांवर दाबले आणि ती एकटीच हसली. बासरीवाली इतकी जवळ कुरकुरत होती की तिचा श्वास गालाला लागेल असं वाटावं. मग टाळी वाजली. एकच, कोरडी. दोन क्षण काही नाही. आणि मग बासरी अशी सुरू झाली, जणू मघाची तक्रार दुसऱ्याच कुणा बाईची होती.

टाळीच्या आधीचं सगळं कापायचं, असा नियम होता. तिने कापलं. पण फेकलं नाही. ‘इतर’ नावाच्या एका फोल्डरमध्ये नेऊन ठेवलं. तिथे आधीच बरीच मंडळी जमली होती: व्हायोलिनवाल्याची “अगं, मिक्सर बंद कर, दोन मिनिटं!”, ढोलवाल्याच्या सासूबाईंचं “झालं का यांचं बडवून?”, कुणाचं खोकणं, कुणाची शिवी.

रोगाची साथ आली आणि सभागृहाला कुलूप लागलं, तेव्हा वाद्यवृंदाने ठरवलं की हंगाम बुडवायचा नाही. सत्तेचाळीस वादकांनी आपापल्या घरी बसून वाजवायचं आणि श्रोत्यांनी आपापल्या घरी बसून पडद्यावर पाहायचं. सहा कार्यक्रम. प्रत्येकाने कानात संचालकांनी मोजलेला ठेका लावायचा आणि आपला भाग वाजवायचा. चित्र फोनवर घ्यायचं, आवाज छोट्या रेकॉर्डरवर. चित्र जायचं एका चित्रवाल्याकडे, आवाज यायचा कानवालीकडे. चित्र आणि आवाज पुढे नीट जुळावेत म्हणून सुरुवातीला एक टाळी वाजवायची. त्या वर्षी वाद्यवृंदाला टाळ्या मिळाल्या त्या एवढ्याच: माणशी एक, आणि तीही ज्याची त्याने वाजवलेली.

कानवाली संगीत कुठे शिकली नव्हती. वीस वर्षांपूर्वी ती तिकीटखिडकीवर बसायला आली आणि तालमीच्या वेळी उगाच आत येऊन उभी राहू लागली. एकदा ती म्हणाली, “डावीकडचा तिसरा माइक मेलाय,” आणि तो खरंच मेलेला निघाला. तेव्हा वृंदात चेलो, म्हणजे ते थोरलं व्हायोलिन, वाजवणाऱ्या आजोबांनीच तिचं हे नाव ठेवलं. “हिला खिडकीत कशाला बसवता? ही कानवाली आहे.” तिला अजून आठवतं, त्या दिवशी ती घरी जाईपर्यंत कान झाकून चालली होती. कुणी बघितलं तर काय म्हणेल म्हणून.

आता तिचं काम आईच्या खोलीत चालायचं. आई गेल्यावर पलंग देऊन टाकला होता. आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर आईच्याच गोधड्या खिळ्यांनी लावल्या होत्या. त्या खोलीत स्वतःशी बोललं तरी शब्द ओठांपासून वीतभर अंतरावर पडून जायचा. सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत ती सत्तेचाळीस घरं ऐकायची. तिचं घर ऐकणारं कुणी नव्हतं. असायचं कारणही नव्हतं म्हणा. तिच्या घरात आवाज करणारा एक फ्रिज होता.

फोन वाजला. व्यवस्थापक.

“ताई, जरा नाजूक काम आहे.”

“तुमचं कुठलं काम दणकट असतं? बोला.”

“शेवटच्या कार्यक्रमात आजोबांचा सन्मान करायचाय. चाळीस वर्षं झाली त्यांना आपल्याकडे.”

“मग करा की. दोन शब्द बोला.”

“शब्दांनी नाही. तो संथ तुकडा आहे ना, चेलोचा, चाळीस सेकंदांचा? संचालकांचं म्हणणं, तो आजोबांनी एकट्याने वाजवावा. बाकी सगळे गप्प.”

समोरच्या पडद्यावर बासरीची लाट थांबून राहिली होती.

“म्हणजे ते वाजवतील,” व्यवस्थापक घाईने म्हणाला. “आणि मग तुम्ही बघा.”

“काय बघू?”

“अहो ताई, तुम्हाला कळतंय.”

“मला नाही कळत. तुम्ही सांगा.”

“त्यांच्या जुन्या फाइलींत सापडतील ना चार चांगले सूर. वेचून वेचून लावा. तुमच्या हाताला जादू आहे.”

“त्यांना कुणी काही सांगितलंय?”

“सांगायचं काय त्यात? आणि सांगणार कोण? सभागृह उघडं होतं तेव्हा तीन वर्षं कुणाची जीभ उचलली नाही. आता या दिवसांत सांगायचं? एकटा माणूस, बाहेर पडायची सोय नाही. उद्या संध्याकाळपर्यंत होईल?”

आजोबा चाळिशीतच पांढरे झाले होते, म्हणून तेव्हापासून ते आजोबा. खरा नातू एकही नव्हता. चेलोंच्या तिसऱ्या जोडीत बाहेरची खुर्ची त्यांची. आठ चेलोंच्या गर्दीत एखाद्याचं बोट घसरलं तर कुणाला कळतं? पाण्यात पाणी. गेल्या तीन वर्षांत बोटं फार घसरू लागली होती. शेजारच्या खुर्चीवरची बाई अवघड जागी जरा जोरात वाजवायची आणि चुकायच्या आधी कोपराने हलकेच खुणावायची. संचालक त्या वेळी नेमके व्हायोलिनकडे बघायचे. सगळं कसं सभ्यपणे चाललं होतं.

घरून वाजवायला लागल्यावर ते खुणावणारं कोपर गेलं. आजोबांचा आवाज वेगळा, एकटा, उघडा तिच्याकडे आला. पहिल्या कार्यक्रमाला तिने अडीच दिवस बसून त्यांचा एकेक सूर उचलून जागेवर ठेवला, लहान मुलाची बटणं लावावीत तसा. दुसऱ्या वेळी आवाज अर्ध्यावर आणला. तिसऱ्या वेळी फाइल आली तशी पडद्यावरच्या सत्तेचाळीस ओळींतल्या सगळ्यात खालच्या ओळीत टाकली, टाळी जुळवली, आणि आवाज शून्यावर नेला. खाली जाऊन पुन्हा बघितलं नाही. चौथ्या आणि पाचव्या वेळी तेच.

प्रत्येक कार्यक्रम झाला की आजोबांचा फोन यायचा.

“कसं झालं गं?”

“छान झालं, आजोबा.”

“माझं ऐकू येत होतं?”

“येत होतं की.”

“बरं, बरं.”

तिसऱ्या कार्यक्रमानंतर त्यांनी दुसरा प्रश्न विचारणं सोडलं होतं. तिला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं.

तिने चहा करून आणला, हेडफोन चढवले आणि तिसऱ्या कार्यक्रमाच्या तळाची ओळ उघडली. चार चांगले सूर. चार तर कुणाकडेही निघतात.

टाळी. मग चेलो.

तिला वाटलं, चुकीची फाइल उघडली. तारीख पाहिली. तीच होती. पण हे त्या कार्यक्रमातलं नव्हतंच. हा तर नवशिक्यांचा धडा होता, पहिल्या महिन्यात देतात तो: एक तार, दुसरी तार, तिसरी, चौथी, पुन्हा उलट. बोटं कुठेच ठेवायची नाहीत, नुसता गज ओढायचा. संथ, खरखरीत, तेवीस मिनिटं. बाकीचे सेहेचाळीस जण एक वाजवत होते आणि आजोबा आपल्या घरी बसून चार मोकळ्या तारा ओढत होते. आणि हे तिने वाद्यवृंदाच्या नावाने जगाला ऐकवलं होतं. म्हणजे ऐकवलं नव्हतं.

चहावर साय आली. तिने चौथ्याची ओळ उघडली.

टाळी.

“कानवाले, ऐकतेयस का?” आजोबा म्हणाले. अगदी कानाशी. “नसशीलच. गेल्या वेळी इतका मोठा गाढवपणा करून ठेवला, तरी तू म्हणालीस छान झालं. म्हटलं, चला, आपण मोकळे झालो.”

खुर्ची करकरली.

“तोंड फार हलवत नाहीये मी. चित्रात दिसायला नको. गज चाललाय, तारांपासून बोटभर वर. आज निळा शर्ट घातलाय. खाली पायजमाच आहे, तेवढं चित्रवाल्याला सांगू नकोस. वरच्या मजल्यावरचे आज सकाळपासून कपाट सरकवतायत. इकडून तिकडे, मग तिकडून इकडे. मी म्हटलं, यांचंही माझ्यासारखंच झालंय. कुठे ठेवायचं ते कळेना.”

ते मध्येच थांबायचे, पान उलटायचे आणि पुन्हा बोलायचे. स्वयंपाकघरातला नळ गळतो आणि त्याचा ठेका संचालकांपेक्षा पक्का आहे, हे सांगितलं. शेजारच्या खुर्चीवरच्या बाईचं कोपर आठवतं, हे सांगितलं. “तिला वाटायचं मला कळत नाही. मी तिला कळू दिलं नाही, की मला कळतं. बिचारीला तेवढीच एक लबाडी येत होती.”

शेवटी म्हणाले, “चल, संपत आलं. आता सगळ्यांनी शेवटचा सूर लांबवायचाय. मीही हात लांबवतो.”

त्यानंतर सहा सेकंद काहीच नव्हतं. बाहीचा कपडा तेवढा वाजला.

कानवालीने गोधडीकडे पाहिलं. निळ्या चौकटीवर आईने पिवळा दोरा वापरला होता. हे इतक्या महिन्यांत तिने पाहिलं नव्हतं. तिने पाचव्याची ओळ उघडायला हात नेला आणि मागे घेतला. मग उघडली.

टाळी. आणि मग काही नाही. तार नाही, बोलणं नाही. तिने आवाज वाढवला, मग आणखी वाढवला. आता आजोबांची खोली तिच्या कानात शिरली: लांबवरचा नळ, घड्याळ, नाकातून चाललेला श्वास. एक पान उलटलं.

तिने वरच्या ओळींतला बाकीचा वाद्यवृंद सुरू केला आणि तळाच्या ओळीशी जुळवून ठेवला. पुढचं पान नेमकं जिथे उलटायला हवं, तिथे उलटलं. त्याच्या पुढचंही. लांबलचक विश्रांतीच्या जागी श्वास शांत झाला, आणि चेलोंनी उचलायच्या आधल्या क्षणाला त्यांनी तो आत ओढला, चाळीस वर्षं ओढत आले तसा. एकही जागा चुकली नाही. एकोणतीस मिनिटं ते सगळ्यांच्या बरोबर होते. संपल्यावर “झालं,” म्हणाले, आणि रेकॉर्डर बंद केल्याचा टक् आवाज आला.

खिडकीवरचं ऊन आता टेबलाच्या कडेला आलं होतं. तिने ‘इतर’ फोल्डर उघडलं, मिटलं. चार सूर वेचायला ती पहिल्या कार्यक्रमाकडे गेली नाही. फोन उचलला.

“बोल गं. कार्यक्रम तर अजून व्हायचाय,” आजोबा म्हणाले. “आधीच छान झाला का?”

“जेवलात?”

“जेवलो. गोळ्या घेतल्या. नाकातोंडाला बांधून कचराही टाकून आलो. व्यवस्थापकाने सकाळी विचारलं, शेजारणीने दुपारी विचारलं. आता तूही विचारलंस. इतकी माझी चौकशी कधी झाली नव्हती.”

“त्या तुकड्याचं सांगितलं ना तुम्हाला?”

“सांगितलं. चाळीस सेकंद. मोठा मान आहे म्हणे.” ते थोडं हसले. “मी काय, पायजम्यावर शर्ट घालून बसतो. तू काहीतरी सुरेख बनवशील. लोक म्हणतील, या वयात काय हात आहे म्हाताऱ्याचा! मीही पडद्यासमोर बसून ऐकेन. मला प्रश्न एवढाच पडलाय, की ऐकताना मी कुणाला वाहवा म्हणायचं?”

पलीकडे नळ गळत होता. ठेका खरंच पक्का होता.

“नळ दुरुस्त करून घ्या,” ती म्हणाली.

फोन कट झाला की काय, म्हणून तिने पडद्याकडे पाहिलं. सेकंद पुढे जात होते.

“नळाचं मी फोनवर कुणाला सांगितलं नाही,” आजोबा हळूच म्हणाले.

“नाही.”

“किती ऐकलंस?”

“सगळं. आज ऐकलं. आधी ऐकायला हवं होतं.”

“पाचवंही?”

“पाचवंही. पानं बरोबर उलटलीत.”

“उलटणारच. पानं उलटता येतात मला.” ते खाकरले. “कानवाले, हे नाव मी ठेवलंय तुझं. फुकट नाही ठेवलं. सगळे मिळून तीन वर्षं माझ्याकडे बघायचं सोडून व्हायोलिनकडे बघतात. ऐकणं तुझं काम आहे. आता सांग बघू, काय ऐकलंस ते.”

“आजोबा…”

“थांब, थांब. अशी नको. नीट सुरुवात करू.”

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग टाळी. एकच, कोरडी.

“हं,” लांबून आजोबा म्हणाले. “आता बोल.”

तिने गळ्यात लोंबणारे हेडफोन काढून टेबलावर ठेवले. गोधड्यांच्या त्या खोलीत तिला स्वतःचा आवाज नेहमीपेक्षा मोठा काढावा लागला.

“आजोबा, तुम्हाला आता वाजवता येत नाही.”