एकतिसावं भोक

तळ्यावरचा रस्ता उघडायच्या दिवशी लिओना टुओमीला काहीच काम नसायचं, आणि तेच तिला आवडायचं. तिचं काम आधीच्या तीन दिवसांत उरकलेलं असे. बर्फाला भोकं पाडायचं यंत्र घसरगाडीवर बांधून काठापासून बेटापर्यंत चालत जायचं, ठरल्या जागी भोक पाडायचं, आत मोजकाठी घालायची, काळं बर्फ किती आणि पांढरं किती ते वहीत लिहायचं. घरी येऊन ते आकडे कम्प्युटरवरच्या शीटमध्ये भरायचे. मग शीट एकच आकडा सांगे. तो तेरा इंचांच्या वर असला, की लिओनाचा नवरा वाइनो ट्रकला पातं लावून हिम बाजूला सारत बेटापर्यंत जाई, आणि तो तिथून रेडिओवर ओरडला की काठावर ताटकळलेल्या गाड्या सुटत.

बेटावर सतरा घरं. तळं धड गोठलेलं नसतं आणि बोटही चालत नाही असे पाच-सहा आठवडे ती माणसं आणि काठावरची माणसं एकमेकांना नुसती दिसत राहायची. म्हणून रस्ता उघडायचा दिवस म्हणजे सणच. सकाळपासून पंचायतीच्या खोलीबाहेर गाड्या लागल्या होत्या. कुणाच्या मागे सरपण, कुणाच्या मांडीवर केक.

लिओना खोलीत खिडकीशी बसली होती. हातात कॉफी, बशीत वेलचीचा पाव, टेबलावर रेडिओ, समोर उघडा कम्प्युटर. बाहेर ऊन होतं, पण हवेत इतके बारीक बर्फकण तरंगत होते की सूर्याच्या दोन्ही बाजूंना एकेक खोटा सूर्य उगवला होता. तळं कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. वाइनोचा ट्रक त्या पांढऱ्यात शिरला तो दिसेनासाच झाला. त्याला जाऊन वीसेक मिनिटं झाली असतील.

कम्प्युटरवर मोठ्या अक्षरांत आकडा होता. चौदा.

हे शीट म्हणजे लिओनाचा जीव की प्राण. आधीच्या कारकुनाचं शीट तिला मिळालं तेव्हा त्यात सगळे नुसते चौकोनी घरांचे पत्ते होते. बी दोन, सी दोन, बी तीन, सी तीन; वाचताना जीव नकोसा व्हायचा. मग तिच्या बहिणीने, आर्लीनने, फोनवरून शिकवलं की अख्ख्या कॉलमला नाव देता येतं. लिओनाने एका कॉलमचं नाव ठेवलं काळं, दुसऱ्याचं पांढरं. काळं म्हणजे तळ्याचं स्वतःचं बर्फ, खालून धरलेलं, काचेसारखं. पांढरं म्हणजे वर पडलेलं हिम भिजून गोठलेलं, निम्म्या ताकदीचं. म्हणून त्याचं निम्मंच धरायचं. आता तिचं सूत्र माणसासारखं बोलायचं: काळं अधिक पांढऱ्याचं निम्मं, आणि त्यातलं सगळ्यांत कमी. एका ओळीत सगळी भोकं. एक हाक मारली की वर्गातली सगळी पोरं उभी राहावीत तशी तीसच्या तीस भोकं उभी राहायची, आणि शीट त्यांतल्या सगळ्यांत बारक्याचा हात धरून पुढे आणायचं. लिओनाला त्याची गंमत वाटायची. नावं दिल्यापासून तिने तो हिशेब कधी हाताने केला नव्हता. मोजायचं आपण, ठरवायचं शीटने.

ऊन गालावर येत होतं. तिने डोळे मिटले आणि ती मनातल्या मनात तळ्यावर चालू लागली. दर वर्षी ती असं करायची. पहिलं भोक धक्क्याशी. दुसरं, जिथे तिच्या सासऱ्यांची मासेमारीची खोपटी असायची. तिसरं, चौथं. पायाखाली बर्फ लांबवर गुणगुणत होतं. तळं थंडीत अंग आवळतं तेव्हा असं बोलतं. नवखा काठाकडे पळतो, लिओनाला मात्र त्याने झोप यायची. सातवं भोक, मग आठवं. बर्फ इतकं काळं की खालून एक मासा तिच्याच बरोबरीने चालला होता, तिची सावली ओढत. अकरा, बारा.

बारानंतर ती डावीकडे वळली. यंदा रस्ता तिथे खडकांना वळसा घालून नेला होता, म्हणून तिथे एक नवीन भोक पाडलं होतं. तिने मनातच यंत्र टेकवलं, दांडा फिरवला, आणि दांडा एकदम खाली गेला. तिचा कोपर बर्फावर आपटला.

लिओनाने डोळे उघडले. कोपर खरंच दुखत होता. तीन दिवसांपूर्वीचा मुका मार होता तो.

त्या दिवशी वारा असा सुटला होता, की डोळ्यांतलं पाणी पापण्यांवर गोठत होतं. तिने काठी घातली, वहीत दोन आकडे खरडले आणि पुढे निघाली. अजून अठरा भोकं व्हायची होती. घरी येऊन तो नवा आकडा तिने यादीत सगळ्यांत खाली लिहिला होता. तिने वही उघडली. काळं सहा, पांढरं चार. म्हणजे सहा आणि दोन, आठ.

आठ असताना सगळ्यांत कमी चौदा कसं?

तिने काळं या नावावर टिचकी मारली. कॉलम उजळला, वरपासून खालपर्यंत एकतीस घरं. पांढरं या नावावर मारली. तीस. शेवटचं घर अंधारातच राहिलं.

आणि मग तिला सगळं आठवलं, नको तितकं स्पष्ट. नवी ओळ घातल्यावर तिने काळ्याची हद्द एका घराने वाढवली होती. पांढऱ्याची वाढवणार तेवढ्यात पाव ओव्हनमध्ये करपल्याचा वास आला. परत येऊन बघते तर आकड्याच्या जागी चूक आल्याची खूण. एकतिसाव्या काळ्याला जोडीदारच नव्हता, शीट बिचारं त्याची बेरीज कुणाशी करणार? पण हा आकडा गावच्या दुकानातल्या पडद्यावरही दिसतो, लोक हसतील, म्हणून तिने आर्लीनला फोन लावला. आर्लीन म्हणाली, "अगं, त्यात काय एवढं! सूत्राला सांगून टाक, कुठे चूक आली तर तिथे नव्याण्णव धर. खूण जाते बघ."

खूण गेली. एकतिसावं भोक नव्याण्णव इंचांचं झालं, आणि नव्याण्णव इंचांकडे सगळ्यांत कमी म्हणून कोण बघणार? शीट ओरडत होतं, आणि लिओनाने त्याचं तोंड दाबलं होतं.

तिने रेडिओ उचलला. "वाइनो! वाइनो, थांब! ऐकतोस का?"

नुसती खरखर.

"वाइनो, वळणाच्या आधी थांब. बारानंतर वळू नकोस!"

काही नाही. पातं खाली असलं की ट्रकमध्ये इतका खडखडाट होतो की त्याला स्वतःचं गाणं ऐकू येत नाही, हिची हाक कुठून येणार.

ती कोट न घालताच बाहेर धावली. सगळ्यांत पुढे मार्लिसची गाडी होती. मार्लिस शाळेच्या बसवरून निवृत्त झालेली, तोंडाने फटकळ.

"काय बाईसाहेब, थंडी संपली का?" मार्लिसने काच खाली केली. "कोट कुठाय? आणि तुझा म्हातारा पोचला का, की वाटेत डुलकी काढतोय?"

"इंजिन बंद कर. सगळ्यांना सांग, कुणी बर्फावर जायचं नाही."

"चौदा आहे म्हणालीस ना?"

"आठ आहे. वळणावर आठच आहे. चूक माझी आहे, मार्लिस. मी झाकली होती ती."

मार्लिसने एकदा तिच्याकडे बघितलं. किल्ली फिरवली, खाली उतरली, स्वतःचं जाकीट काढून लिओनाच्या अंगावर टाकलं आणि मागच्या गाड्यांकडे गेली. एकेक इंजिन बंद होत गेलं. मग तळ्याचं गुणगुणणं ऐकू यायला लागलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा लिओनाला त्याची भीती वाटली.

ती आत येऊन रेडिओशी बसली. एक मात्र आधार होता. वाइनो बर्फावर कधी सीटचा पट्टा लावायचा नाही, आणि आपल्या बाजूचं दार उघडं धरून चालवायचा. इथली सगळीच जुनी माणसं तशी चालवतात. ट्रक खाली गेला तर माणूस बाहेर. चाळीस वर्षांत तिने त्याला तळ्यावर दार लावलेलं पाहिलं नव्हतं. कुडकुडत घरी यायचा आणि तिची बोलणी खायचा. उडी मारली असेल त्याने, ती स्वतःला सांगत होती. काही झालं असेल तरी उडी मारली असेल.

खर्रकन रेडिओ वाजला.

"लिओना? पोचलो गं. बेटावर आहे."

तिला आधी रडूच फुटलं. बटण दाबून ती नुसती रडत राहिली, आणि ते त्याला ऐकू जात होतं.

"अगं, काय झालं? रडतेस कशाला? सोड त्यांना, येऊ दे सगळ्यांना."

"नाही. कुणी येणार नाही. तूही परत येऊ नकोस, मी सांगेपर्यंत तिथेच राहा. वाइनो, वळणावर... वळणावर काय झालं?"

"मोठा आवाज झाला," तो म्हणाला. "तोफ उडाल्यासारखा. मागे बघितलं तर चाकोरीत पाणी. मला वाटलं, वरचंच असेल साचलेलं. जोरात दामटला आणि निघालो."

"दार उघडं होतं ना?"

रेडिओ खरखरला.

"वाइनो, दार उघडं होतं ना तुझं?"

"नाही गं," वाइनो म्हणाला. "थंडी फार होती. दार लावलं होतं, पट्टाही लावला होता. तू चौदा लिहिलं होतंस ना."