डबल बेल

गिरीज गावात प्लासिडच्या दारापर्यंत येणारी वाट बैलगाडीच्या मापाची. एका अंगाला राजेळी केळींची रांग, दुसऱ्या अंगाला बावखल, म्हणजे वाडी शिंपायला खणलेलं तळं. अशा वाटेवर त्याच्या लेकाने, डेरिकने, २००३ साली एक पिवळी स्पोर्ट्‌स कार आणून उभी केली. सेकंडहँड, दोन दारांची आणि इतकी बुटकी, की प्लासिडच्या बायकोला, क्लेमेंटीनला वाटलं, चाकं बसवायची राहिलीत.

प्लासिडने मात्र आधी मागची काच पाहिली. एसटीत कंडक्टर म्हणून उभा जन्म काढलेला माणूस तो. काच पोस्टाच्या पेटीच्या तोंडाएवढी! आणि तिच्या दोन्ही बाजूंचे खांब असे जाड, की चांगला धडधाकट माणूस त्यांच्याआड गडप व्हावा आणि आरशातही सापडू नये.

"डेरिक, हिच्यातून मागचं कायच दिसत नाय रे."

"पप्पा, तुला गाडीतलं काय कळतं? जन्मभर तू नुसती घंटी वाजवलीस."

शेजारची रेजिना फिस्सकन हसली. प्लासिडला ते हसणं नाही लागलं, लेकाचं बोलणं लागलं, आणि असं लागलं की त्याने डेरिकशी बोलणंच टाकलं.

पण गाडीला रुसव्याफुगव्याशी काय देणंघेणं? दारात वळायला जागा नव्हती, त्यामुळे रोज सकाळी तिला रस्त्यापर्यंत उलटंच जावं लागे. पहिल्याच दिवशी मागचं चाक बावखलाच्या काठावर जाऊन लटकलं. चार माणसांनी गाडी ओढून काढली. दुसऱ्या सकाळी प्लासिड मुकाट्याने गाडीमागे जाऊन उभा राहिला. त्याने डिकीवर तळव्याने दोन थापा मारल्या. डबल बेल, म्हणजे चल. चाक काठाकडे सरकलं की एकच थाप, म्हणजे थांब. आरशात डेरिकला केळीची पानं दिसत, बाप दिसत नसे. तरी थाप पडली की त्याचा पाय आपसूक ब्रेकवर जाई. बापलेकांत दिवसभरात होणारा संवाद तेवढाच.

मग एका संध्याकाळी भाकरी थापता थापता क्लेमेंटीन म्हणाली, "डेरिक मालाडला घर बघतो हाय. गाडी वळवायला जागा हवी, म्हणतो."

लेक घरातून जाणार, आणि तोही न बोलता! रविवारी डेरिक चर्चमध्ये मिसाला गेला, तसा प्लासिडने कोयता उचलला. ज्या राजेळीची सुकेळी क्लेमेंटीन दर वर्षी वाळवायची, तिचे खुंट त्याने एकामागून एक आडवे केले, गड्डे उपटले, माती चोपली. दुपारपर्यंत अंगणाशी गाडी सहज फिरेल एवढी मोकळी जागा झाली. क्लेमेंटीन पदराने डोळे टिपत राहिली, पण तिने त्याला अडवलं नाही.

सोमवारी सकाळी डेरिकने त्या जागेत गाडी एका झटक्यात फिरवली. गाडीचं तोंड थेट रस्त्याकडे. प्लासिड सवयीने मागे जाऊन उभा राहिला होता. त्याच्या तेव्हा ध्यानात आलं, की आता आपलं इथे कामच उरलं नाही. केळी तर गेल्याच, वर रोजच्या त्या थापाही गेल्या. स्वतःच्याच शहाणपणाची त्याला चीड आली.

गाडी मात्र हलेना. इंजिन चालू, समोर वाट मोकळी, आणि डेरिक नुसता बसून.

शेवटी त्याने काच खाली करून डोकं बाहेर काढलं. "पप्पा, बेल दे ना."

प्लासिडने एकच थाप मारली आणि पुढे येऊन खिडकीशी वाकला. कितीतरी दिवसांनी तो लेकाशी बोलला. "मालाडचं काय?"

"तिथं माझ्या मागं कोन उभं राहनार?" डेरिक स्टीअरिंगकडे बघत म्हणाला, "त्या दिवशी मी चुकीचं बोललो, पप्पा."

प्लासिड मागे गेला. डोळे नीट पुसून झाल्यावर त्याने डिकीवर दोन थापा मारल्या.