धुवायची राहिलेली लोकर

नवरा गेला तेव्हा थोरलीने त्याचे कपडे टिपूस न गाळता वाटून टाकले. कोट दिराला दिला, बूटही. पण नवऱ्याने शेवटची कातरलेली लोकर, म्हाताऱ्या करड्या मेंढीची, तिने पोत्यात कोंबून माळ्यावर टाकली. ती धुण्याचा विषय निघाला की ती उठून जाई.

धाकटी जाऊही मग त्याबद्दल ब्र काढेनाशी झाली. कामं ठरलेली होती. मेंढ्यांचं चारापाणी, खुरं, आजारपण थोरलीकडे. लोकर धुणं धाकटीकडे. थोरली माणसांपेक्षा मेंढ्यांशीच जास्त बोले, आणि धाकटीच्या तोंडाचा पट्टा ती टबावर वाकलेली असतानाही चालू असे. तरी दोघींचं बरं जमायचं.

उन्हं तापायला लागली तेव्हा धाकटीला कोठीत एक बारीक, पिवळट पाखरू उडताना दिसलं. खालची सगळी पोती तिने उलटीपालटी करून पाहिली. ती चांगली होती. मग शिडी लावून माळ्यावर गेली आणि उतरली ती गप्पच. थोरली एका लंगडणाऱ्या मेंढीचं खूर साफ करत होती. धाकटी शेजारी उकिडवी बसली, मेंढीचं डोकं धरलं आणि खूर होईपर्यंत थांबली.

“ताई, वरच्या पोत्याला कसर लागलीय.”

थोरली म्हणाली, उन्हात पसरू. धाकटीने हळूच सांगितलं की नुसत्या उन्हाचा भरवसा नाही, आणि खाली वर्षभराची लोकर पडलीय. एक तर कडकडीत पाण्यात धुवायची, नाहीतर जाळायची.

“धुतली की वास जाईल गं,” थोरली म्हणाली.



दुपारी थोरलीने स्वतःच पोतं उतरवून अंगणात सोडलं. बरीच लोकर कुरतडून भुसा झाली होती. उरलेल्यातला एक पुंजका तिने नाकाशी धरला. घामट, तेलकट, लेंड्यांचा वास. तिने दुसरा घेतला, मग आतला, अगदी तळाचा. सगळ्यांना मेंढीचाच वास होता. नवऱ्याचं त्यात काही नव्हतं. बहुधा कधीच नव्हतं. इतके दिवस आपण एका मेंढीला उराशी धरून बसलो, असं मनात आलं आणि तिला हसू फुटलं. हसता हसता ती रडायला लागली. धाकटी चुलीपाशी पाणी तापवत होती. तिने मान वर केली नाही.

धुवायला थोरलीच बसली. सवय नसल्याने कपड्यासारखी चोळायला गेली.

“चोळू नका, ताई. गोळा होईल. नुसती दाबायची आणि सोडून द्यायची.”

थोरलीने दाबली, सोडली. साबणाच्या पाण्यात काळपट ढग सुटले. दोघी पाणी बदलत राहिल्या. मध्येच थोरली नवऱ्याबद्दल सांगू लागली: कातरताना तो मेंढीला कसा रागवायचा, आणि तिची कातडी जरा ओरखडली की तिचीच कशी माफी मागायचा. धाकटीने एकदाही मध्ये तोंड घातलं नाही.

संध्याकाळी जाळीवर पसरलेली लोकर राखाडी, हलकी दिसत होती. हिचं काय करायचं, असं थोरलीने विचारलं. यंदाच्या पांढऱ्यात मिसळली तर रंग छान येईल, पण तुम्हाला वेगळी ठेवायची असेल तर ठेवू, असं धाकटी म्हणाली.

थोरलीने ओल्या लोकरीत अडकलेली एक काडी काढली.

“मिसळ,” ती म्हणाली, आणि मेंढ्यांना चारा घालायला गेली.