बाजूला काढायची वाटी

हे मी लिहिणारच नव्हतो खरं तर. पॅनकेक करपले असते तर सांगण्यासारखं काही झालं असतं. हे असे झाले की तवासुद्धा चाटावा. पण राहवेना.

तर टोबिन. अलास्कात, फेअरबँक्सच्या बाहेर, बर्चच्या झाडीत, ओंडक्यांच्या घरात तो आणि गॅरिक राहतात. उन्हाळाभर गॅरिक मासेमारीच्या बोटीवर होता. जाताना स्वतःच्या आजीची बरणी टोबिनच्या हवाली करून गेला. बरणीत आंबट पिठाचं विरजण. आजीच्या आजीने सोनं शोधायला येताना डोंगर ओलांडून आणलेलं, असं घरचे सांगतात. सोनं काही मिळालं नाही. विरजण टिकलं.

"पीठ घाल, पाणी घाल, काय वाट्टेल ते कर, पण मरू देऊ नकोस," गॅरिक म्हणाला होता. "मी आलो की पहिल्या सकाळी पॅनकेक!"

ती सकाळ उजाडली. रात्री टोबिनने सगळं विरजण पातेल्यात काढून त्यात पीठपाणी कालवून ठेवलं होतं. झाकण काढलं तर काय सुरेख जाळी! आता फक्त त्यातलं वाटीभर परत बरणीत काढायचं, पुढच्या वेळेसाठी. पण गॅरिक येईल म्हणून कान सगळे रस्त्याकडे. अंडी फोडली, साखर घातली, तेल, शेवटी खायचा सोडा. पीठ फसफसून काठाला आलं. टोबिन खूश.

मग बरणी दिसली. उकळत्या पाण्याने त्यानेच लख्ख घासून पालथी घातलेली.

वाटी काढायचीच राहिली होती. सोडा पडला की संपलं, त्यातून पुढचं विरजण लागत नाही. शंभर वर्षं टिकलेलं ह्याने एका चमच्यात मारलं.

गमबूट चढवून तो पळत सुटला, थेट शेजारच्या व्हर्नाकाकूंकडे.

"काकू, वाटीभर विरजण द्या."

"मारलंस ना गॅरिकचं?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"तोंड बघ आरशात." काकूंनी बाटली भरून दिली. "ओत बरणीत आणि गप्प बस. त्याला काय कळतंय?"

येताना टोबिनच्या डोक्यात तेच. गप्प बसलं तर खरंच कळणार नाही. दार उघडलं तर गॅरिक शेगडीपुढे, बूटसुद्धा न काढता बिडाच्या तव्यावर पॅनकेक उलटतोय. तोंडात एक कोंबलेला.

"अरे कुठे उंडारतोयस? काय झालेत बघ! बोटीवर रोज स्वप्नात यायचे."

बाटली टोबिनच्या जॅकेटखाली होती. त्याने ती बाहेर काढली.

"गॅरिक, आजीचं विरजण गेलं. वाटी काढायची राहिली. हे काकूंचं आहे. मार मला हवं तर."

गॅरिक चावायचा थांबला. तव्यावरच्या पॅनकेकमधून धूर यायला लागला.

"काकूंचं?"

"हो."

"मागच्या हिवाळ्यातही काकूंचंच होतं," गॅरिक हळूच म्हणाला. "ऊब मिळावी म्हणून बरणी शेगडीवर ठेवली आणि झोपलो. सकाळी आत पाव तयार. तुला सांगायची लाज वाटली रे."

"गाढवा! मी इथे जीव मुठीत धरून पळत गेलो!"

"मी तर मोज्यांवर गेलो होतो, बर्फातून."

तेवढ्यात व्हर्नाकाकू क्रॅनबेरीचा मुरंबा घेऊन दारात. "भांडण झालं की खायला बसावं म्हटलं." दोघं हसताहेत बघून त्यांनी सरळ खुर्ची ओढली. "आणि शोकसभा नको. माझं विरजण कुठलं, ठाऊक आहे? लग्न होऊन आले तेव्हा तुझ्या आजीनेच दिलेलं. ते काही कुठे गेलेलं नाही."

गॅरिकने बाटली उजेडात धरली. आत बुडबुडे वर चढत होते. मग त्याने काकूंच्या गालाचा असा दणदणीत मुका घेतला की मुरंबा सांडला.

पॅनकेक दुपारपर्यंत चालले. काकूंनीच सर्वांत जास्त खाल्ले आणि वर पीठ जरा घट्ट होतं म्हणून नावं ठेवली.

त्या गेल्यावर टोबिनने बरणीत नवं विरजण ओतलं, मूठभर पीठ घातलं.

"गॅरिक, ऐक. आता ह्या घरात जो पॅनकेक खाईल, त्याला मी वाटीभर विरजण दिल्याशिवाय जाऊ देणार नाही. शब्द देतो. आपण दोघं गाढव आहोत. हे दहा घरांत असलेलं बरं."