आसराबाईचं मनगट मी पोखरलं

मी एक जुनी हाडखाऊ पेशी आहे. जुनी म्हणजे किती, तर जेमतेम पंधरा-वीस दिवसांची. हसू नका, मित्रांनो, आमच्यात एवढ्या वयाला म्हातारपणच म्हणतात. माझा मुक्काम जाफराबादजवळच्या एका खेड्यात, आसराबाईच्या उजव्या मनगटात आहे. तिथे मी जे करून ठेवलं, ते सांगितल्याशिवाय मला सुखाने मरण यायचं नाही.

जन्मले तेव्हा माझा कोणाला त्रास नव्हता. आसराबाईच्या कमरेच्या हाडातल्या मज्जेत मी एक चिमुकली पूर्वपेशी होते. पुढे जंतूंशी लढायचं की हाड खणायचं, हेही ठरलेलं नव्हतं. रक्ताबरोबर फिरत मनगटाशी आले आणि हाड बांधणाऱ्या पेशींनी मला बोलावणं धाडलं. होय, बांधणाऱ्याच आम्हाला बोलावतात. झिजलेलं हाड आम्ही काढायचं आणि त्या जागी त्यांनी नवं भरायचं, अशी आमची वाटणी आहे. बोलावणं येताच आम्ही सहाजणी एकमेकींत मिसळलो आणि सहा केंद्रकांची एकच थोराड पेशी तयार झाली. ती मी. हाडाला घट्ट चिकटले, आम्ल सोडलं आणि पहिला खड्डा पाडला. काम नेटकं झालं म्हणून मला केवढा अभिमान वाटला होता!

पण बोलावणी थांबेचनात. आम्हाला आवरणारं स्त्रियांचं संप्रेरक वयामुळे आसराबाईच्या अंगात कमी झालं होतं. त्यात तिचा नवस. नात छकुली दोन वर्षांची झाली तरी पाऊल टाकत नव्हती, तेव्हा पोर स्वतःच्या पायांनी राजूरच्या गणपतीच्या पायऱ्या चढेपर्यंत तिने दूध, दही, ताक सगळं सोडलं होतं. दारात दोन शेळ्या, धार तीच काढायची, पण दोन वर्षं स्वतःहून थेंब तोंडाला लावला नाही. रक्तात कॅल्शियम उणं पडलं की शरीर ते हाडातून काढतं, आणि ते काढायचं काम आमचं. आधी माझ्या आधीच्या आणि मग मी, आम्ही खणत राहिलो, भरणाऱ्या मागे पडल्या. हाडाची चाळण होताना मला दिसत होती, तरी मी थांबले नाही.

परवा छकुली खरंच पायऱ्या चढली. शेवटच्या पायरीवर तिचा तोल गेला. तिला सावरताना आसराबाई हातावर पडली आणि मी बसले होते तिथेच हाड मोडलं. एवढ्याशा पडण्याने मोडायचं ते हाड नव्हतं.

डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, हाडं पोकळ झालीत म्हणाले आणि रोज दूध घ्यायला सांगितलं. आसराबाईने मान डोलावली. घरी आल्यावर मात्र ती सुनेला, रेणूला, हळूच म्हणाली, "मागं एकदा शेजारच्या भिवाच्या घरी दुधाचा चहा पेल्ते मी. न्हाई म्हणता आलं न्हाई. त्याचंच हे झालं बघ. आता आनखी दोन वर्सं पाळते, पोरीला काही व्हाया नको."

मला ओरडून सांगावंसं वाटलं, की आसराबाई, देव रागावला नाही, हे माझं काम आहे. पण पेशीला आवाज कुठला?

रेणू उठून चुलीपाशी गेली. मग पेलाभर दूध सासूपुढे ठेवत म्हणाली, "तुम्ही घ्या, आत्याबाई. राह्यलेलं मी पाळते. आजपासून माझं बंद."

आसराबाई रडत रडत ते दूध प्यायली.

मित्रांनो, मी आज-उद्याची सोबती. बोलावलं म्हणून गेले हे खरं, पण खाल्लं मीच, आणि त्याची शिक्षा आता सव्वीस वर्षांची रेणू भोगणार आहे. तुमच्यापैकी कोणी त्या घरी गेलं, तर तिला एवढं सांगा, की देवासाठी काही सोडायचंच असेल तर साखर सोड, चहा सोड. आणि हे सांगून लगेच निघू नका. ती दूध पिईपर्यंत तिथेच बसा.