निळ्यावर काळा रंग

“अहो, माझा डास मारायचा पंप तुमीच उचलला ना? आता संध्याकाळी डास काय टाळ्या वाजवून मारू?”

सुगंधाबाई माझ्यापासून वीतभर अंतरावर उभी राहून नवऱ्यावर कुरकुरत होती, आणि पंप माझ्या नाकासमोरच पडला होता. त्यात औषधाच्या जागी काळा रंग भरलेला होता.

मित्रांनो, मी एका मोटारसायकलचा जुना मडगार्ड आहे. पुढच्या चाकावरचा. चाकानं उडवलेला चिखल आपल्या अंगावर घ्यायचा आणि वर बसलेल्या माणसाची विजार कोरडी ठेवायची, एवढंच माझं काम. माझे वाडवडील पत्र्याचे होते, मी प्लॅस्टिकचा. हे लक्षात असू द्या, कारण ते विसरल्यामुळंच पुढचा घोटाळा झाला.

माझा जन्म औरंगाबादेत, चिकलठाण्याच्या एका कारखान्यात. निळे दाणे वितळवून साच्यात दाबले आणि मिनिटभरात मी गरमागरम बाहेर पडलो. तेव्हा वाळूज, चिकलठाणा इथं रोज नवीन शेड उभी राहत होती, आणि गावोगावची पोरं डबा घेऊन शिफ्टला येत होती. साच्याच्या मशीनवर पुंजाराम नावाचा कामगार होता. मला त्यानंच बाहेर काढलं असं म्हणायला मला आवडेल, पण दिवसाला शेकड्यानं मडगार्ड निघत. खोटं कशाला बोलू?

पुढं त्यानं गाडी घेतली ती मात्र माझीच. दुकानात लाल होती, काळी होती. हा निळी येईपर्यंत दोन महिने थांबला. मग गयास पेंटरकडून माझ्या पाठीवर पांढऱ्या रंगात लिहून घेतलं: जय भीम. गयासनं ब्रश दोनदा फिरवला आणि म्हणाला, “गाडी घिस जाएंगी भाई, ये हरफां नै घिसते.” म्हणजे गाडी झिजेल, अक्षरं नाही झिजणार.

ते दिवस साधे नव्हते. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव होऊन पंधरा वर्षं होत आली होती, आणि नाव काही लागलं नव्हतं. त्यापायी गावांतून माणसांची घरं जळाली होती, माणसं गेली होती. पुंजाराम प्रत्येक मोर्चाला जायचा. तशाच एका मोर्चाच्या गर्दीत तो पडला आणि उजवा गुडघा कायमचा दुखावला. किक मारवेना. तेव्हा त्यानं गाडी शेजारच्या त्रिंबकला दिली.

त्रिंबक कन्नडकडच्या एका धनगर कुटुंबातला. वडिलांच्या मागं मेंढरं गेली, आणि हा वाळूजला पत्र्याचे भाग रंगवायच्या कामाला लागला. दोघांची पाच वर्षांची दोस्ती. एकमेकांच्या डब्यातलं कालवण न विचारता घ्यायची. गाडी त्रिंबकनं आठ महिने तशीच चालवली. हर्सूलच्या नाक्यावर अनोळखी माणसं माझ्याकडं बघून हात वर करायची, “जय भीम!” पहिल्या आठवड्यात त्रिंबक गोंधळायचा. पुढं तोही “जय भीम, जय भीम” म्हणत निघायचा. मला तर वाटायचं, ही सगळी मलाच ओळखतात.

मग त्रिंबकच्या बहिणीचं, कडूबाईचं लग्न जुळलं. रविवारी गावात साखरपुडा होता, आणि गुरुवारी त्रिंबकचे मुंजाबामामा गावाहून निरोप घेऊन आले. चहा पिऊन त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. माझ्यापाशी थांबले.

“गाडी ब्येस हाय रं,” मामा म्हणाले. “पर रंग लई उडालाय. सोयऱ्यांत आणायची तर येक हात देऊन घे.”

“कुठं उडालाय?” त्रिंबकच्या बायकोनं, सुगंधाबाईनं विचारलं.

“उडालाय की,” त्रिंबक घाईनं म्हणाला. “ऊन लागून लागून.”

मित्रांनो, माझा रंग ठणठणीत होता. मी नुसता वरून निळा नाही, आतबाहेर निळाच आहे; उडेल काय? पण मामा ज्या गावाला परत निघाले होते, त्या गावात माझ्या पाठीवरचे दोन शब्द वाचून कोण कुठल्या पंगतीला बसतं हे ठरत होतं. नवरदेवाकडची माणसं वाचून माघारी फिरली असती, तर कडूबाईचं लग्न मोडलं असतं. हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळे उन्हाबद्दल बोलत होते.

शुक्रवारी त्रिंबकनं चार बोल्ट काढून मला अंगणात पाटावर घेतलं. कारखान्यात पत्रा पुसतात तसं ओंजळभर थिनरनं पुसलं. माझं अंग चिकट झालं. त्यावरच त्यानं पंपानं काळा रंग मारला, आणि कारखान्यात रंग सुकवायला भट्टी असते म्हणून मला चुलीच्या धगीपुढं धरलं. थोडक्यात वाकडा व्हायचा वाचलो. सकाळी बोट लावलं तर रंग उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखा निघाला. खाली मी निळाच.

म्हणून सांगतो मित्रांनो, प्लॅस्टिक रंगवायचं तर साबणाच्या पाण्यानं धुवा, सावलीत सुकवा, ओल्या पॉलिशपेपरनं हळूहळू घासा, प्लॅस्टिकचा प्रायमर लावा, आणि रंगाचे पातळ पातळ हात द्या. थिनर ओतू नका. आम्हालाही लागतं.

शनिवारी दुसरा हात, ब्रशनं. या वेळी रंग बसला, पण गयासची अक्षरं जाड. तिरप्या उन्हात काळ्यावर काळं, स्वच्छ वाचता येत होतं.

“पुंजारामभाऊजींना इचारा की,” सुगंधाबाई म्हणाली. “प्लॅस्टिक त्यांचंच काम हाय.”

“त्याला कशाला तरास?”

“तरास? मागल्या महिन्यात ताप आला तर मध्यान रात्री दवाखान्यात कोणी नेलं तुमाला? तवा नव्हता व्हय तरास?”

त्रिंबक मान खाली घालून ब्रश धूत राहिला. तेवढ्यात थिनरच्या वासावर पुंजारामच लंगडत आला. मला पाटावर पाहिलं. मग गुडघा सांभाळत खाली बसला.

“धुतला नाय व्हय रं आधी?”

“नाय.”

“पत्रा समजलास. वहिनी, तांब्याभर पाणी द्या. पॉलिशपेपर हाय का?”

सुगंधाबाईनं पाणी आणलं, पण तांब्या खाली ठेवेना. पुंजारामनं तो तिच्या हातातून घेतला, पेपर भिजवला आणि माझी पाठ घासायला लागला.

“आधी कडा माराव्या लागत्यात,” तो म्हणाला. “अक्षराची कड ऱ्हायली की वरून किती बी रंग मार, दिसतंच.”

“हवा बी दमट हाय,” त्रिंबक म्हणाला.

“व्हय. दमट हाय.”

काळं पाणी पाटावरून ओघळलं. मग पांढरं. पुंजारामच्या हाताला ‘जय’ माहीत होतं. त्यानं ते न बघताच घासून सपाट केलं. ‘भीम’पाशी येऊन त्यानं पेपर पुन्हा भिजवला. गरज नव्हती. पेपर ओलाच होता.

त्रिंबक समोर उकिडवा बसलेला. त्याला माझ्याकडंही बघवेना आणि दोस्ताकडंही.

“रंग उडालाच होता तसा,” पुंजाराम माझ्यावर वाकूनच म्हणाला. “लई ऊन खाल्लं हिनं माझ्याकडं असताना.”

मित्रांनो, त्याला सगळं कळलेलं होतं. तो दोस्ताची लाज झाकत होता, आणि तीही स्वतःच्याच हातानं.

त्रिंबकनं पुढं होऊन त्याचं मनगट धरलं.

“सोड,” पुंजाराम म्हणाला. “उद्या जायचंय तुला.”

“पुंजाराम,” त्रिंबक म्हणाला, “तू माझा दोस्त हाईस, हे माझ्या गावाला कळू नये म्हणून मी हे पुसायलोय.”