माफ केलेला भाऊ

चर्चला निघताना पाळक गुडघे टेकून बहिणीच्या बुटाचा पट्टा लावायला लागला, तसा तिने पाय ओढून घेतला. डावा, आखडलेला पाय.

"मला हात आहेत," ती म्हणाली.

तो ओशाळून उभा राहिला. त्याचा तो चेहरा तिला पाठ होता. मार खायला तयार असलेला, आणि मार मिळाला नाही की हिरमुसणारा.

कॉलेजात असताना त्याने तिला मोटारसायकलवर मागे बसवलं होतं. वळणावर गाडी घसरली. त्याला खरचटलंही नाही, तिचा पाय मात्र कायमचा अधू झाला. पुढे तो पाळक झाला, ती कपडे शिवू लागली. तिने लग्न केलं नाही, कारण तिला करायचं नव्हतं. त्याने केलं नाही, कारण बहिणीला सांभाळायचं होतं, आणि हे तो लोकांना सांगतही असे. त्या सांगण्याची तिला किळस यायची.

दर रविवारप्रमाणे आजही तो चर्चमध्ये छान बोलला. ख्रिस्ताने सगळं फेडलंय, आता तुम्हाला दोषी ठरवणारा कोणी उरला नाही. माणसं डोळे पुसत, हलकी होऊन घरी गेली. स्वतःच्या हॉटेलात न जेवणारा हॉटेलवाला, ती मनात म्हणाली. निघताना एका बाईने तिला गाठून सांगितलं, की असा भाऊ मिळायला नशीब लागतं.

घरी आल्यावर तो नेहमीसारखा तिच्या पायाला लावायला गरम तेलाची वाटी घेऊन आला. तिने वाटी बाजूला सारली.

"दादा, मी तुला हॉस्पिटलातच माफ केलं होतं. शुद्धीवर आल्या आल्या. आठवतं?"

"आठवतं."

"देवानेही केलंय. तूच सांगतोस सगळ्यांना. मग तू कोण मोठा लागून गेलास, आम्हा दोघांच्या वर?"

त्याने वाटी पुन्हा तिच्या पायाजवळ सरकवली.

"तुला ख्रिस्ताच्या जखमा पुरत नाहीत. माझा पाय लागतो."

वाटी उचलून तो आत गेला. पुढचे काही दिवस घरात कामापुरतंच बोलणं झालं. तेल कोणी गरम केलं नाही. आता हा पश्चात्ताप केल्याचाही पश्चात्ताप करत बसणार, असं ती धरून चालली होती.

एका संध्याकाळी शिवता शिवता तिचा काळा दोरा संपला. नवी रिळं पलीकडच्या खोलीतल्या कपाटात होती. तिने सवयीने त्याला हाक मारली. आतून पेपरचं पान उलटल्याचा आवाज आला.

"तूच ऊठ. मी आत्ताच टेकलोय."

आपण चुकीचं ऐकलं असं तिला वाटलं. ती थोडा वेळ वाट पाहत राहिली. मग मशीनला धरून उठली आणि पाय ओढत आत गेली. त्याने पेपरमधून मान वर केली नाही, तिला जाता यावं म्हणून पाय तेवढे जवळ घेतले. रिळं नेमकी वरच्या फळीवर होती.

"आळशी कुठला."

"आहेच."

तिने कपाटाचं दार आपटलं. कित्येक वर्षांनी तिला त्याचा नुसता राग आला होता.